तातडीने सवड काढावी ही विनंती

३ फेब्रुवारी

मायना घातलेला नाही. ‘चिरंजीव’ लिहून एक पान फाडलं, मग नुसतं ‘धाकट्या’ लिहून दुसरं फाडलं. अनेक उत्तम आशीर्वाद द्यावेत इतका माझा राग अजून निवळलेला नाही, आणि खोटं बोलणं हे आपल्या घरात तुझं खातं आहे. तेव्हा बिनमायन्याचंच वाच. मधे तुरुंगात हे पत्र उघडून वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. बहीणभावाचं भांडण आहे, त्यात तुम्हाला काही सापडायचं नाही.

आज सकाळी वकीलबाईंचा फोन आला म्हणून लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं. मी गाडीत होते. ड्रायव्हिंग स्कूल अजून चालू आहे. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर होते आणि कुणी काढून नेईल अशा भीतीनं त्यांनी स्टिअरिंग गच्च धरलं होतं. बाई म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्या भगिनी ना? त्यांच्या डोळ्यांबद्दल बोलायचं होतं.” मी म्हटलं, “कुणाच्या डोळ्यांबद्दल?” तेवढ्यात हेडमास्तरांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली.

तर तुला काचबिंदू आहे, तोही दोन्ही डोळ्यांत, आणि हे मला एका परक्या बाईनं सांगावं लागलं. आईचा मोतीबिंदू गेल्या वर्षी काढला. सकाळी गेली, दुपारी काळा चष्मा लावून घरी आली, आणि आता घरातली धूळ दिसते म्हणून दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. संध्याकाळी बाईंच्या ऑफिसात गेले तेव्हा त्यांनी समजावलं. मोतीबिंदूत गेलेली नजर परत मिळते. काचबिंदूत गेली ती गेली. कडेकडेनं आत येत जाते म्हणे, माणसाला आधी कळतही नाही, नुसता दाराच्या चौकटीवर आपटत राहतो. ऑपरेशन केलं तर जेवढी उरली आहे तेवढी टिकते. तू किती वेळा आपटलास ते कळव.

बाई तरुण आहेत. कोर्टानंच तुला दिल्या आहेत, पण राबतात स्वतःच्या घरचं काम असल्यासारख्या. त्यांच्या ऑफिसात एक टेबल, दोन खुर्च्या आणि जिन्याखालची उतरती भिंत, म्हणून उभं राहताना डोकं सांभाळावं लागतं. तुझा अर्ज त्यांनी दाखवला, बाहेरच्या इस्पितळात तपासणी आणि ऑपरेशन व्हावं म्हणून तू केलेला. त्याखाली जजसाहेबांचा आदेश: ‘तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा अहवाल येईपर्यंत अर्ज तूर्त नामंजूर.’

“म्हणजे नाही म्हणाले,” मी म्हटलं.

“तूर्त नाही म्हणाले.”

“मग वरच्या कोर्टात जायचं.”

“गेले होते. तिथल्या कार्यालयानं कागद परत पाठवले. हा अंतिम आदेश नाही, त्यामुळे त्यावर अपील ऐकायचा आम्हाला अधिकार नाही म्हणतात. खालच्या कोर्टाचं ‘नाही’ अजून पुरतं झालेलं नाही. पुरतं झालं की या.”

“आणि ते पुरतं कधी होणार?”

“अहवाल आल्यावर.”

“तो कधी येणार?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. तुमच्या तिथल्या डॉक्टरांची बदली झाली आहे. नवे आलेले नाहीत. जुने अहवाल देऊ शकत नाहीत, कारण ते आता तिथले नाहीत. मी हसले, बाई हसल्या नाहीत. त्यांना हे रोजचं आहे.

घरातलं कुणीतरी बाहेर धावपळ करायला हवं, म्हणून त्यांनी मला शोधून काढलं. मी करणार आहे. त्यावरून तुझ्यामाझ्यात सगळं ठीक झालं असं समजू नकोस.

ताई

१९ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. ‘प्रकृती बरी आहे. आईला नमस्कार. तू त्रास घेऊ नकोस. सवडीने उत्तर दे.’

सवडीने. हे वाचून माझी काय अवस्था झाली ते तुला कळायचं नाही, म्हणून सविस्तर सांगते.

काल बाईंच्या ऑफिसात तुझा मूळ अर्ज मी पहिल्यांदा पूर्ण वाचला. अक्षर सुरेख, समास सोडलेला, बाबांनी दोघांना घोटून घेतलं होतं तसा. ‘सविनय सादर’ आहे, ‘आपल्या अमूल्य वेळेबद्दल क्षमस्व’ आहे, आणि शेवटी, अरे शहाण्या, शेवटी काय लिहिलंस तू? ‘तरी माझ्या डोळ्यांच्या तपासणीचा विचार आपण आपल्या सवडीने करावा ही नम्र विनंती.’

सरकारी वकिलांनी हेच एक वाक्य उचललं. त्यांनी कोर्टाला सांगितलं की अर्जदाराची स्वतःचीच काही घाई नाही. ते स्वतः म्हणतात सवडीने, मग अहवालाची वाट पाहिली तर बिघडलं कुठे? जजसाहेबांनी मान डोलावली आणि ‘तूर्त’ लिहिलं.

मी बाईंना म्हटलं, हा शब्द खोटा आहे. म्हणजे आमच्या घरात खोटा आहे. त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. बाबा कुणालाही काहीही लिहिताना शेवटी ‘सवडीने’ घातल्याशिवाय राहायचे नाहीत. घरमालकाला छत गळतंय हे कळवताना, ‘सवडीने पाहून जावे.’ पाणी पार खाटेवर पडत होतं, तरी. आपल्यामुळे कुणाला धावावं लागू नये, ही त्यांची एकच हौस. आणि आपण सगळे तो शब्द उलटा वाचायला शिकलो. नोकरीच्या गावी पडून त्यांचा खुबा मोडला तेव्हा कार्ड आलं होतं, आठवतं का? ‘किंचित पडलो आहे. सवडीने येऊन जावे.’ आईनं ‘सवडीने’ वाचलं आणि ती मटकन खाली बसली. नळ चालूच राहिला. आपण पायात चपला अडकवून स्टँडवर पोहोचलो तेव्हा मी शाळेच्या गणवेशात होते आणि तुझा सदरा उलटा होता.

म्हणजे बाबा जेवढे अडचणीत, तेवढी त्यांची सवड जास्त. तूही डोळा जायला लागल्यावर तोच शब्द लिहिलास. मला वाचताक्षणी कळलं की तू घाबरला आहेस. पण जजसाहेब आपल्या घरात वाढलेले नाहीत ना.

आता एक कर. नवा अर्ज लिहून बाईंकडे पाठव. त्यात ‘तातडीने’ हा शब्द हवा. नम्र वगैरे ते असू दे, पण ‘सवडीने’ दिसला तर मी येऊन पान फाडीन.

आई विचारते, तो काय म्हणतो. मी सांगितलं, प्रकृती बरी आहे म्हणतो. ती म्हणाली, मग नक्कीच काहीतरी झालंय.

ताई

८ मार्च

तुझं उत्तर मी गाडीतच वाचलं. तू नवा अर्ज करणार नाहीस. का, तर ‘इथे माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत असलेले आहेत, त्यांचेही अर्ज पडून आहेत.’ असतील. त्यांच्या बहिणींनी त्यांना पत्रं लिहावीत.

पण खरं कारण तू शेवटी एका ओळीत टाकलंस. ‘त्या वॉचमनच्या हातांचे काय झाले असेल, ताई? त्यांना कुठे कुणी तातडीने विचारले?’

मग आता तेच बोलू या. मी ते बोलणार नव्हते.

तू गोदामाला आग लावलीस. मालकानं विम्यासाठी लावायला सांगितली आणि तू लावलीस. आत कुणी नाही असं तुला वाटलं होतं, आणि आत एक माणूस झोपला होता. पुढे सबंध वर्ष तू आमच्यासमोर बसून सांगत राहिलास की माझा काही संबंध नाही. आईनं ते खरं मानलं. मी खरं मानलं. मी तुझ्या बाजूनं शेजारणीशी भांडले, गाडी शिकायला आलेल्या लोकांशी भांडले, तुझ्या भावजींशी तर रोज. आणि मग एका तारखेला मी कोर्टाच्या व्हरांड्यात आईसाठी पाण्याची बाटली घेऊन उभी असताना एक शिपाई आतून आला आणि दुसऱ्याला म्हणाला, “त्यानं कबूल केलं.” मी विचारलं, कुणी? असं कळलं मला. तू आधी एक शब्द बोलला असतास तर मी आत येऊन तुझ्या मागे उभी राहिले असते. कबूल केलंस ह्याचा मला कधीच राग नव्हता. आम्हाला व्हरांड्यात ठेवलंस ह्याचा होता, आणि तो अजून आहे.

आता वॉचमन. मी जाऊन आले. बाईंनी पत्ता काढून दिला. रागावू नकोस, तुला विचारलं असतं तर तू सवडीने नको म्हणाला असतास. ते मुलीकडे राहतात. एका हाताची दोन बोटं वळत नाहीत, दुसरा बरा आहे. त्यांनी मला घरात घेतलं नाही, पण दारही लावलं नाही. उंबऱ्यावरच मी तुझ्या डोळ्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यानं माझे हात घालवले त्याबद्दल तो आत आहे ना?” मी हो म्हटलं. “मग झालं. डोळे मी मागितले नव्हते.” एवढंच बोलले आणि आत गेले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. मीही तशी अपेक्षा ठेवून गेले नव्हते.

त्यांचं ते बोलणं मला पटलं. तुला कोर्टानं जी शिक्षा दिली ती मोजून दिली आहे. त्यात डोळे नाहीत. तू पदरचे डोळे घालून ती वाढवायला निघाला आहेस, आणि त्यानं कुणाचीच बोटं वळायची नाहीत. मला मात्र आंधळा भाऊ मिळेल. मी थकले आहे रे. सकाळपासून लोकांच्या पायांकडे बघत ब्रेक दाबत असते, घरी आईला औषधं देते, आणि मग तुझी समजूत काढत बसते. एवढं एक तू कर.

ताई

२७ मार्च

अर्ज मिळाला. ‘माझ्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आपण कृपया तातडीने सवड काढावी ही विनंती.’

मी सिग्नलला हसत सुटले. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. शेजारी एक नवी नवरी शिकायला बसली होती, तिला वाटलं तिचं काही चुकलं. तातडीने सवड काढावी. जाऊ दे, बाबांच्या मुलाकडून ह्याच्यापेक्षा जास्त मिळणार नाही. बाई म्हणाल्या, चालेल.

काल तारीख होती. मी गेले होते. कोर्टाची खोली लांबुळकी, पंखे उंच, आणि पाठीमागच्या बाकावरून पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळे मान पुढे काढून बसतात. जजसाहेब मला वाटले होते तसे नाहीत. चांगले आहेत. आवाज मऊ, प्रत्येकाला “बसा, बसा” म्हणतात. बाईंनी मला आधीच सांगितलं होतं की खरी पंचाईत तीच आहे. ह्या माणसाच्यानं कुणाला तोडून नाही म्हणवत नाही.

तर आपल्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, आधी अर्ज मंजूर करा अशी विनंती आहे. ते जमत नसेल तर कृपा करून पूर्ण नामंजूर करा.”

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, मी तुमच्यासाठी दार उघडं ठेवलंय, आणि तुम्ही मला ते लावायला सांगता?”

“दारात उभं राहून त्यांचा डोळा जातोय, साहेब. तुम्ही नाही म्हणालात तर आम्हाला वर जाता येईल.”

मग सरकारी वकील उठले. पुढचा अर्धा तास जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. आपल्या बाई पोटतिडकीनं सांगत होत्या की आपण हरलो आहोत. आणि सरकारी वकील तितक्याच पोटतिडकीनं सांगत होते की छे, हे मुळीच हरलेले नाहीत, ह्यांचं काहीही नाकारलेलं नाही, ह्यांना पुरती आशा आहे. मला आयुष्यात कुणी इतका धीर दिलेला नाही.

शेवटी जजसाहेबांनी सांगून लिहवून घेतलं: ‘अहवालासाठी स्मरणपत्र पाठवावे. अर्ज तूर्त प्रलंबित.’ म्हणजे आधी आपण निदान तूर्त हरलो होतो, आता तेही राहिलं नाही. बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसल्या. मला वाटलं रडतात की काय. त्या बूट काढून टाचेला चिकटपट्टी लावत होत्या. म्हणाल्या, “आता वरच जायचं. अंतिम नसला तरी जायचं. वाट बघायला लावणं हाच ह्यातला निकाल आहे, असं मांडायचं. ऐकून घेतील की नाही माहीत नाही. आधी आपलं ऐकायचं की नाही ह्यावरच सुनावणी होईल.”

आणि त्या ‘सवडी’चं काहीतरी करावं लागेल म्हणाल्या. पहिला अर्ज फायलीत आहे, तो काही पुसता येत नाही. म्हणून मी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. आज केलं. ‘मी शपथेवर सांगते की आमच्या कुटुंबात ‘सवडीने’ हा शब्द अत्यंत निकडीच्या प्रसंगी वापरला जातो.’ खाली बाबांचं ते कार्ड, छत, खुबा, सगळं. शिक्का मारणाऱ्या गृहस्थांनी वाचलं आणि म्हणाले, “आमचे सासरे ‘विशेष काही नाही’ लिहायचे. ते आलं की आमची ही बॅग भरायला घ्यायची.”

एक विचारते. तुझ्या अक्षराच्या ओळी उजवीकडे एकमेकींवर चढल्या आहेत. पूर्वी तसं नव्हतं. पानाची उजवी बाजू दिसत नाही का तुला? खरं सांग. ‘बरं आहे’ लिहू नकोस.

ताई

२२ एप्रिल

तू खरं लिहिलंस म्हणून बरं वाटलं, जे लिहिलंस त्यानं नाही. उजव्या डोळ्यानं फक्त उजेड कळतो. ताटातलं पलीकडचं दिसत नाही म्हणून शेजारचा वाटी हातात देतो. त्याला माझा नमस्कार सांग.

आईला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. नुसतं डोळे तपासायचे आहेत म्हटलं. ती तिचा काळा चष्मा काढून घेऊन आली, म्हणाली, त्याला पाठव, माझं काम झालंय.

वरच्या कोर्टात काल सुनावणी झाली. दोन न्यायाधीश. एक तरुण, भराभर पानं उलटणारे, आणि एक वयस्कर बाई, त्या एकच पान समोर घेऊन बसल्या होत्या. तरुण साहेबांचा पहिलाच प्रश्न, “अंतिम आदेश कुठे आहे?” आपल्या वकीलबाई म्हणाल्या, नाही. “मग आम्ही काय ऐकायचं? प्रत्येक मधल्या आदेशावर लोक वर यायला लागले तर खालच्या कोर्टात एकही काम संपायचं नाही.” हे त्यांचं बोलणं मला चुकीचं वाटलं नाही. मीही गाडी शिकवताना दर वळणावर कुणी “बरोबर ना?” म्हणून थांबायला लागलं तर ओरडते.

मग सरकारी वकिलांनी तुझा पहिला अर्ज वाचून दाखवला, आणि ‘सवडीने’पाशी आवाज चढवला. आपल्या वकीलबाईंनी माझं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. वयस्कर बाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी मागच्या बाकावर, हातात पर्स, मान पुढे. त्यांनी विचारलं, “ह्या भगिनी आल्या आहेत का?” मी उभी राहिले. “कार्ड आल्यावर तुम्ही किती वेळात निघालात?” मी म्हटलं, “लगेच. नळ चालू ठेवून.” कोर्टात काहीजण हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सरकारी वकिलांकडे वळून विचारलं, “अहवाल आल्यावर ह्यांची गेलेली नजर परत येणार आहे का?”

ते म्हणाले, “ह्याबाबत सूचना घेऊन सांगतो.”

“ह्यात सूचना काय घ्यायची? येते की नाही येत?”

ते फायलीत शोधायला लागले. बरंच शोधलं. तरुण साहेबांनीही पानं उलटायचं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. मग निकाल राखून ठेवला. कधी देणार ते सांगितलं नाही.

मी घरी आले आणि पायातलं न काढता खुर्चीत बसून राहिले. तुझे भावजी विचारत होते काय झालं, मला सांगताच येईना. जिंकलो नाही, हरलो नाही. आपलं ऐकायचं की नाही एवढंच अजून ठरायचं आहे, आणि तुझा डोळा काही कुणाच्या निकालासाठी थांबलेला नाही. मला खूप भीती वाटते आहे. हे तुला लिहू नये, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

ताई

१६ मे

चिरंजीव धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

निकाल तुला बाईंनी कळवलाच असेल, पण माझ्याकडूनही ऐक. अपील ऐकायचा अधिकार आहे, असं दोघा न्यायाधीशांनी मिळून ठरवलं. त्यातलं एक वाक्य बाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं, आणि मी ते पुन्हा वाचायला लावलं: ‘जेथे वाट पाहण्यानेच निकाल लागत असेल, तेथे आदेशास नाव कोणतेही असो, तो अंतिमच समजावा.’ सर्वसाधारण नियम आहे तसाच राहील, असंही लिहिलं आहे, म्हणजे उद्या कुणी सदरा मिळाला नाही म्हणून वर जाऊ शकणार नाही. पण ज्याचं गेलेलं परत येत नाही, त्याला जाता येईल. तुझ्या बराकीत ज्यांचे अर्ज पडून आहेत म्हणाला होतास, त्यांतल्या दोघांचे कागद बाईंनी परवाच मागवले.

मग त्याच दिवशी तपासणीचा आदेश निघाला, आणि तुला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे. काल मी त्यांना भेटले. तू पत्रात लिहिलंस, ‘उजव्याचे आता काही करण्यासारखे नाही म्हणतात, डाव्याचे करू म्हणतात, एकंदरीत ठीक.’ एकंदरीत ठीक नाही. मी डॉक्टरांना विचारलं, फेब्रुवारीत आणला असता तर? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी उठले नाही. मग म्हणाले, उजव्यातलंही थोडं राखता आलं असतं.

म्हणजे आपलं म्हणणं ऐकायचं की नाही हे ठरेपर्यंत तुझा उजवा डोळा गेला. शेवटी ऐकलं, चांगलं ऐकलं, त्या वयस्कर न्यायाधीशबाईंचे मी उपकार मानते. पण हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून इथे लिहिते. आईला मी काल सगळं सांगितलं. ती रडली नाही. देवासमोर बसली नाही की मला बोलली नाही. तिनं स्वतःचा उजवा डोळा हातानं झाकला आणि घरभर फिरली. स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, परत. भिंतीला धरून. मग म्हणाली, जमतं. सवय होईल त्याला.

संमतीच्या कागदावर तू लगेच सही केलीस असं डॉक्टर म्हणाले. विचार करून कळवतो म्हणाला नाहीस. त्याबद्दल तुझी पाठ थोपटावीशी वाटली.

आता तुझ्या पत्रातलं दुसरं. ‘ऑपरेशनला येऊ नकोस, ताई. हाताला बेडी असेल, बरोबर शिपाई असतील, तुला बघवणार नाही.’ नातेवाइकांपैकी एकालाच परवानगी आहे, आणि त्या जागी मी माझं नाव घातलं आहे. तेव्हा बघवेल की नाही ते माझं मी बघेन. सोमवारी सकाळची शिकवणी बंद ठेवली आहे.

डॉक्टर म्हणाले, आत नेण्याआधी थोडा वेळ मिळेल, आणि मग डाव्या डोळ्यावर पट्टी येईल. पट्टी निघाल्यावर नजर आहे तेवढी राहावी असा प्रयत्न आहे, पण खात्री कुणी देत नाही. म्हणून पट्टी बांधायच्या आधी एकदा मला नीट बघून घे. केस पांढरे झाले आहेत, चष्मा लागला आहे, एकदम ओळखशील असं नाही. मान वळवून शोधत बसू नकोस.

मी डावीकडे उभी असेन.

ताई